राखलेले पाणी

सामान्य काळातील अठ्ठाविसावा रविवार
पहिले वाचन : २ राजे ५:१४-१७
शुभवर्तमान : लूक १७:११-१९



आजच्या पहिल्या वाचनात नामान सेनापती यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि त्याचे कोड जाते. पण हे वाचन जिथे सुरू होते त्याच्या थोडे आधी काय घडले, ते घरी गेल्यावर बायबल उघडून जरूर वाचा. अलीशा संदेष्ट्याने यार्देनेत स्नान करायला सांगितले, तेव्हा नामान संतापून परत निघाला होता. त्याला वाटले, आमच्या दिमिष्काच्या अबाना आणि परपर या नद्या काय कमी आहेत? इस्राएलातल्या सगळ्या पाण्यापेक्षा त्या सरस आहेत! चांगले पाणी आपण मागे सोडून आलो आणि इथे या साध्या नदीत उतरायचे, हे त्या मोठ्या माणसाला पटेना.

नामानाचा हा राग आम्हांला या वर्षी चांगलाच समजला. कारण आम्हीही एक फार सुंदर पाणी पाहून आलो आहोत.

गेल्या जुलै महिन्यात आम्हांला कॅनडाला जाण्याची संधी मिळाली. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे कॅलगरी शहरात स्थायिक झाली आहेत, त्यांनी आग्रहाने बोलावले होते. त्यांपैकी एका कुटुंबाबरोबर आम्ही बॅन्फ नॅशनल पार्क पाहायला गेलो. घरातले नवरा-बायको, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि इथून मुलाकडे गेलेली आजी, असे सगळे सोबत होते. आम्हांला जे तळे पाहायचे होते त्याचे नाव मोरेन लेक. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८५ मीटर उंचीवर, दहा शिखरांच्या कुशीत ते वसले आहे. कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर या तळ्याचे चित्र होते.

तळ्याजवळ मोटार नेता येत नाही. पूर्वी नेता येत असे. तेव्हा उजाडण्याआधीच गाड्यांची जागा भरून जाई आणि रस्त्यावर रांगा लागत. २०२३ पासून खाजगी गाड्यांना त्या रस्त्यावर बंदी आहे. आता लोक आधी जागा राखून बसने जातात. हिमकडे कोसळण्याच्या भीतीने ऑक्टोबरच्या मध्यापासून तो रस्ताच बंद होतो आणि बर्फ सरल्यावर जूनच्या सुमारास पुन्हा उघडतो. म्हणजे तुम्ही हे पत्रक वाचत असाल तेव्हा तिथे या वर्षीची वर्दळ संपत आलेली असेल.

बसमधून उतरल्यावर समोर दगडांचा एक मोठा ढीग लागतो. त्याच्या पायऱ्या चढून वर गेलो आणि सगळेच गप्प झालो. खाली निळे पाणी होते. निळे म्हणजे कसे निळे, हे सांगणे कठीण आहे. आपल्या समुद्राचे निळे ते नव्हे, आकाशाचेही नव्हे. नीळ घातलेल्या दुधात कोणी हिरवा थेंब टाकावा, तसे काहीसे. आजूबाजूला शंभरेक माणसे असतील, पण बोलणारे सगळे हळू आवाजात बोलत होते. देवळात कोणी न सांगताही आपला आवाज उतरतो, तसा.

या रंगाचे कारण आम्हांला तिथे समजले. तळ्याच्या वरच्या बाजूला हिमनदी आहे. हिमनदी म्हणजे साठून साठून घट्ट झालेल्या बर्फाचा, अगदी सावकाश खाली सरकणारा लोंढा. तो सरकताना खालचा खडक घासतो आणि दळतो. जात्याच्या पाळूखाली धान्याचे पीठ व्हावे तसे दगडाचे पीठ होते. हे पीठ इतके बारीक असते की वितळलेल्या पाण्यातून तळ्यात आले तरी ते लवकर तळाशी बसत नाही, पाण्यात तरंगत राहते. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेते आणि निळा-हिरवा भाग हे कण चहूकडे विखुरतात. उन्हाळ्यात बर्फ वितळून पीठ येऊ लागले की रंग खुलतो.

बंधू-भगिनींनो, आम्हांला वाटले होते की पाणी इतके सुंदर आहे ते त्यात काहीच मिसळलेले नाही म्हणून. प्रत्यक्षात ते सुंदर आहे ते त्यात दळलेला दगड आहे म्हणून! देवाच्या जात्यातून निघालेले ते पीठ आहे. ज्यांच्या आयुष्यात दुःखाचे जाते फिरले आहे आणि तरीही ज्यांच्याकडे पाहिले की प्रसन्न वाटते, अशी माणसे आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांची आठवण आम्हांला तिथे झाली.

ज्या ढिगावर आम्ही उभे होतो त्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९९ साली वॉल्टर विलकॉक्स नावाच्या गिर्यारोहकाने या तळ्याला नाव दिले. त्याला वाटले की हा ढीग हिमनदीनेच आणून टाकला आहे. अशा ढिगाला 'मोरेन' म्हणतात, म्हणून मोरेन लेक. पण ढिगातला बराचसा दगड शेजारच्या कड्यावरून कोसळलेला असावा, असे पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगितले. त्या कड्याचे नाव काय असावे? 'बाबेलचा बुरूज'! आकाशाला टेकू पाहणाऱ्या बाबेलची गोष्ट आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. इथे मात्र कोसळलेल्या बाबेलच्या दगडांनी पाण्याला बांध घातला आहे. उंच उभे असताना जे जमले नाही, ते खाली येऊन जमले.

आजी ढिगावर चढू शकल्या नाहीत. आम्ही उतरून काठाशी आलो तेव्हा त्या एका ओंडक्यावर बसल्या होत्या. त्यांनी वाकून पाण्यात बोटे बुडवली, देवळाच्या दारातल्या पवित्र पाण्यात बुडवतो तशी, आणि कपाळावर क्रुसाची खूण केली. मग म्हणाल्या, "फादर, एवढं पाणी आणि एक बाई कपडे धुताना दिसत नाही!" सगळे हसले. थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "आपल्या बावखलाचा पण तळ दिसायचा हो. आम्ही राखत होतो तेव्हा."

हे वाक्य तेव्हा आम्ही ऐकले आणि सोडून दिले. आमचे लक्ष दुसरीकडे होते. काठावर एक गोल, राखाडी दगड पडला होता. मूठभर आकाराचा, मधोमध पांढरी रेघ असलेला. आमच्या टेबलावर, क्रुसाजवळ तो किती छान दिसेल, असा विचार मनात आला आणि दगड खिशात गेला. एवढ्यात ती दहा वर्षांची मुलगी जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "फादर, इथलं काही न्यायचं नसतं. आमच्या टीचरनी सांगितलंय. सगळ्यांनी एकेक नेला तर?"

आम्ही सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. कान्ट नावाच्या थोर तत्त्ववेत्त्याचा नियम असा, की जे सगळ्यांनी केले तर चालेल तेवढेच आपण करावे. त्यावर आम्ही परीक्षेत पाने भरभरून लिहिले आणि गुणही मिळवले. तोच प्रश्न एका चौथीच्या मुलीने चार शब्दांत विचारला, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. दगड होता तिथे परत ठेवला. तिने तो जरा फिरवून, पांढरी रेघ वर येईल असा नीट ठेवला. पार्कमधला दगड किंवा फूल नेणे हा तिथे कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हांला नंतर कळले. पण आम्हांला शरम वाटली ती कायद्याची नव्हे, त्या मुलीची.

आजच्या वाचनाच्या शेवटी नामानही मायदेशी न्यायला काही मागतो. दोन खेचरांवर लादता येईल एवढी इस्राएलची माती! पण तो विचारून मागतो. आणि ती शोभेसाठी मागत नाही. यापुढे एका परमेश्वराचीच उपासना करायची म्हणून मागतो. आम्ही विचारले नव्हते.

परतीच्या बसमध्ये आम्ही विचार करत होतो. लोक अशा तळ्याला 'अस्पर्श' म्हणतात, कुणाचा हात न लागलेले. पण हे खरे आहे का? बॅन्फमध्ये १८८५ साली गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची जागा राखीव केली गेली. १८८७ साली तिथे कॅनडाचे पहिले नॅशनल पार्क झाले. आज तिथे वर्षाला ४० लाखांहून अधिक लोक येतात. इतक्या लोकांच्या येण्याजाण्यात पाणी आपोआप निर्मळ राहत नाही. त्यासाठी कुणी बस चालवतो, कुणी कचऱ्याचे डबे अस्वलाला उघडता येणार नाहीत असे बनवतो, कुणी पायवाटेवरून खाली उतरणाऱ्याला नम्रपणे परत बोलावतो. २०१६ साली याच पार्कमधल्या जॉन्सन लेकमध्ये माशांचा एक परका रोग आढळला. कॅनडात तो प्रथमच सापडला होता. ओल्या होडीतून, चिखलाच्या बुटांतून असे रोग एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात. म्हणून आता स्वतःची होडी आणणाऱ्याने ती धुवायची, निथळवायची, सुकवायची, मगच पाण्यात घालायची. म्हणजे ते पाणी अस्पर्श नाही. ते राखलेले आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याला एदेन बागेत ठेवतो तो दोन कामांसाठी : तिची मशागत करण्यासाठी आणि ती राखण्यासाठी. पहिले काम आपण आवडीने केले. दुसरे विसरलो.

राखण्याचीही एक चुकीची रीत असते, हेही सांगितले पाहिजे. त्या दऱ्याखोऱ्यांत स्टोनी नाकोडा हे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या फिरत आणि शिकार करत आले होते. पार्क झाल्यावर त्यांच्या शिकारीवर बंदी आली आणि त्यांना त्यांच्याच डोंगरांतून दूर ठेवले गेले. तळ्याभोवतीच्या दहा शिखरांना एका गिर्यारोहकाने त्यांच्या भाषेतील एक ते दहा अशी नावे दिली होती. पुढे त्यांतली बहुतेक बदलली गेली. 'वेंकचेम्ना', म्हणजे दहा, हे नाव मात्र अजून टिकून आहे. त्या देशातल्या आदिवासी मुलांवर निवासी शाळांतून झालेल्या अन्यायात आपल्या ख्रिस्तसभेच्या माणसांचाही हात होता. त्याबद्दल पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये तिथे जाऊन क्षमा मागितली. दुसऱ्याच दिवशी, संत अॅनाच्या सणाला, ते त्याच प्रांतातल्या लाक सेंट अॅन या तीर्थक्षेत्री तळ्याकाठी गेले आणि तिथल्या पाण्याला त्यांनी आशीर्वाद दिला. पाणी राखायचे आणि माणसाला हाकलायचे, हे देवाला मान्य होणार नाही. कुंपण घालून कुलूप लावले म्हणजे राखण झाली असे नाही.

आणि तिथल्या लोकांनी कितीही राखले, तरी एक गोष्ट त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. जगभर हवा तापते आहे आणि हिमनद्या आटत आहेत. हिमनदी संपली की दगड दळणारे जाते थांबेल. तळ्यात पावसाचे, बर्फाचे पाणी येत राहील, पण तो निळा रंग हळूहळू फिका होत जाईल. त्या जात्याला लागलेली आग तुमच्या-आमच्या गाड्यांच्या धुराचीही आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनाचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. १ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोमजवळ कास्तेल गांदोल्फो येथे ग्रीनलँडहून आणलेल्या बर्फाच्या एका मोठ्या तुकड्याला आशीर्वाद दिला. पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्राला दहा वर्षे झाली, त्या निमित्ताची ती परिषद होती. पोप महोदय आशीर्वाद देत असताना तो बर्फ वितळत होता. याहून वेगळे प्रवचन कशाला हवे?

प्रिय भाविकांनो, आता नामानाकडे परत येऊ. दूरचे सुंदर पाणी पाहून आलेल्या माणसाला देवाने घरच्यासारखे साधे पाणी दाखवले आणि सांगितले, इथे उतर. आमचा यार्देन आपल्या देवळाच्या मागे आहे.

देवळामागच्या बावखलाबद्दल आम्ही बोलत आहोत, हे तुमच्या लक्षात आले असेल. आपल्या पूर्वजांनी हे बावखल खणले. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरी गोड राहत. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ काढून वाड्यांना घालत. आज वसईत किती बावखले बुजली आणि किती विहिरी मचूळ झाल्या, हे तुम्हांला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आपल्या बावखलाचा अर्धा भाग आधीच भरावाखाली गेला आहे. उरलेला बुजवून तिथे पार्किंग करावे, असा प्रस्ताव पॅरिश कौन्सिलपुढे आहे.

हा प्रस्ताव वाईट हेतूने आलेला नाही. गेल्या सणाच्या दिवशी मिस्सा चालू असताना एका वृद्ध बंधूंना चक्कर आली आणि रुग्णवाहिकेला गाड्यांच्या गर्दीतून आत यायला वाट मिळाली नाही. ती पाच मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. त्या आठवड्यात कौन्सिलचे सभासद आमच्याकडे आले तेव्हा आम्ही मान हलवली होती. आम्ही म्हणालो होतो, "तसंही त्या पाण्याचं आता काय राहिलंय? सगळा कचराच आहे." खिशात दगड टाकावा तितक्या सहज आम्ही ते बोललो होतो.

आज आम्ही तो शब्द मागे घेत आहोत. जगातले इतके सुंदर तळे ज्यांच्या हाती होते, त्यांच्याकडे गाड्या मावेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी तळे लहान केले नाही, गाड्या थांबवल्या. आपल्यालाही तसे करता येईल. देवळाच्या पुढचे अंगण फक्त आजारी, वृद्ध आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी मोकळे ठेवावे. बाकीच्यांनी शाळेच्या मैदानावर गाडी लावून दहा मिनिटे चालत यावे, किंवा शेजाऱ्याबरोबर एका रिक्षात बसून यावे. तेवढ्या वेळात एक रोझरी निम्मी होते, आणि हा महिना तर रोझरीचाच आहे. निर्णय कौन्सिलने आणि तुम्ही सर्वांनी मिळून घ्यायचा आहे. सभा पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आहे. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही त्यांनी तर अवश्य यावे. आम्ही ऐकून घेऊ.

आजच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येतो, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ जण काही वाईट नव्हते. येशूने सांगितले तसे ते याजकांकडे निघाले होते. बरे झाले आणि पुढे निघून गेले, एवढेच. आपणही त्या बावखलाचे पाणी प्यायलो, त्यावर वाडी पिकवली, त्या वाडीच्या पैशांतून मुलांना शिकवले, आणि पुढे निघून गेलो. आपल्यापैकी कुणीतरी मागे वळून त्या पाण्याजवळ जायला हवे आणि देवाचे आभार मानायला हवेत. आभार मानलेल्या गोष्टीत सहसा कुणी कचरा टाकत नाही.

कॅलगरीच्या आजी नाताळाला इथे येणार आहेत. त्यांनी फोनवर विचारले, "बावखलाला पाणी आहे का, फादर?" आम्ही म्हणालो, "आहे." तळ दिसतो का, हे त्यांनी विचारले नाही. पण विचारतील.

पाणी निर्माण करणारा पिता, यार्देनेत उतरलेला पुत्र आणि आरंभी जलांवर तरंगणारा पवित्र आत्मा आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू